निशिगंधाचा गोंगाट

आत्याने नाशिकचं घर आवरायला काढलं तेव्हा भाचरांमध्ये वाटण्या झाल्या. एकाला ग्रामोफोन मिळाला, एकीला पैठणी. माझ्या वाट्याला आली अंगठ्याएवढी काचेची बाटली आणि तिच्या तळाशी चहाच्या रंगाचं चमचाभर पाणी.

"लंडनचा सेंट आहे. जपून वापर."

"कोणी दिला होता गं?"

"चहा टाकू का?" आत्या म्हणाली.

बाटलीवरचं नाव फ्रेंच. आत्या 'फ्रेकस' म्हणते. मी शोधाशोध केली, तर खरा उच्चार 'फ्राका' निघाला. "फ्रेकस काय आणि फ्राका काय, फरक काय?" असं बायको म्हणाली. अर्थ मात्र सरळ आहे : गोंगाट. 1948 साली पॅरिसच्या रोबेर पिगे या फॅशनच्या पेढीसाठी जेर्मेन सेलिए या बाईंनी हे अत्तर रचलं. पुढे नावाजलेला फॅशन डिझायनर ख्रिस्तियन दिओर काही काळ याच पेढीत नोकरीला होता. अत्तराचा जीव म्हणजे ट्यूबरोज, आपला निशिगंध. फुलबाजारात त्यालाच गुलछडी म्हणतात. दर्दी लोक अशा अत्तरांना 'व्हाइट फ्लोरल', म्हणजे पांढऱ्या फुलांच्या वासाची, म्हणतात आणि म्हणताना डोळे मिटतात. मीही मनगटावर एक थेंब टेकवला आणि डोळे मिटले.

नेलपॉलिश पुसायच्या पाण्याचा भपकारा आला.

जुन्या अत्तरात वरवरचे, लिंबाच्या जातीचे वास आधी जातात. त्यामुळे घाईने मत द्यायचं नाही, थांबायचं. थांबलो. मग आला गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास, आणि त्यामागून डांबराच्या गोळ्यांचा. आत्याला फोन लावला.

"आत्या, बाटली डांबराच्या गोळ्यांत ठेवली होतीस का?"

"मेल्या, मी जन्मभर कडुनिंबाचा पाला ठेवत आले!"

आत्या निर्दोष होती. निशिगंधात मिथाइल सॅलिसिलेट नावाचं रसायन असतं, आणि दुखऱ्या सांध्यांच्या मलमांतही तेच घालतात. डांबरगोळीची आठवण करून देतं ते इंडोल. ते मोगऱ्या-चमेलीतही असतं. आणि सकाळी आपण ज्या खोलीत पेपर घेऊन जातो, तिथंही असतं. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. "मग त्यासाठी पॅरिस कशाला?" एवढंच ती बोलली.

पण अर्ध्या तासाने मलमही गेलं, गोळ्याही गेल्या आणि मनगटावर फूल उमललं. थट्टा नाही. लोण्यासारखं मऊ, किंचित मेणचट. फुलवाला संध्याकाळी बादलीतून ओली जुडी उचलतो, तेव्हा देठांचा जो हिरवा वास येतो, तोसुद्धा त्यात होता. खुडल्यावरही गुलछडी वास सोडत राहते. म्हणून फ्रान्सच्या ग्रास गावात पूर्वी ही फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवत, आणि चरबी तो वास पिऊन घेई. आमच्या घरातल्या उशांची सध्या तीच गत आहे.

घोळ पुढे झाला. नाक ही फार विसराळू वस्तू. एकच वास सतत आला की ते त्याची दखल घेणं सोडून देतं. मला वाटलं, अत्तर उडालं. म्हणून कानामागे दोन थेंब लावले. तेही 'उडाले'. मग कॉलरला दोन. आणि तसाच ऑफिसला निघालो.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका शिरले. आत येताच त्यांचा चेहरा पडला. डोक्यावरची टोपी काढून हळू आवाजात म्हणाले, "कधी गेले?"

आमच्याकडे हा वास मोकळा नाही, त्याचं बुकिंग आधीच झालेलं आहे. फूल मूळचं मेक्सिकोचं, पण आपण त्याला वरमालेत ओवलं, नवरदेवाच्या गाडीवर चिकटवलं आणि शेवटच्या गाडीवरही चढवलं. त्यामुळे फ्राका लावलेला माणूस एक तर बोहल्यावर चाललेला असतो, नाही तर वैकुंठाला. माझं वय बघून काकांनी योग्य तो तर्क केला.

ऑफिसात शेजारचा अकरा वेळा शिंकला. शिपायाने न सांगता खिडक्या उघडल्या. साहेबांनी दारातूनच विचारलं, "बरं वाटत नाहीये का? जा घरी." माझी तब्येत ठणठणीत होती. बहुधा त्यांच्यापर्यंत फक्त मलम पोचलं असावं. शर्ट तीनदा धुतला. शेजारच्या दोरीवरचे टॉवेलही आता फ्रेंच झालेत.

बाटलीत अजून बरंच अत्तर होतं, आणि ते लावायला निर्धोक जागा सापडेना. गेल्या रविवारी एका लग्नाचं आमंत्रण आलं. मी सढळ हाताने चार थेंब लावले आणि मंगल कार्यालयात शिरलो. दाराला गुलछडी, मांडवाला गुलछडी, फोटोच्या चौकटीला गुलछडी. कोणी शिंकलं नाही, कोणी टोपी काढली नाही. पंगतीत शेजारी बसलेल्या आजोबांनी जिलबी हातात धरून माझ्या दिशेने एक दीर्घ श्वास घेतला.

"हार मात्र ताजे आणलेत हो," ते म्हणाले, "नाही तर हल्ली वासच नसतो फुलांना."