ढग आले की फ्रेम गेल्या!

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमान उडवायच्या गेममध्ये, निरभ्र आकाशात सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रं) सुखाने मिळतात आणि ऐन लँडिंगच्या वेळी ढगात शिरलं की सगळं अडखळतं! धावपट्टी दिसेपर्यंत विमान भलतीकडेच. वर सल्ला काय, तर नवं ग्राफिक्स कार्ड घ्या. अरे, आधी कारण तरी बघा! ढगात जवळपास प्रत्येक पिक्सेलसाठी पावलापावलाने प्रकाशाचा हिशेब करावा लागतो, आणि ६० फ्रेम हव्या तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. ढगांची क्वालिटी अल्ट्रावरून हायवर आणली की जरा श्वास घेता येतो. पण रेंडर स्केल, म्हणजे अख्खं चित्र किती बारकाईने काढायचं ते प्रमाण, उतरवला की कॉकपिटमधले आकडेही धूसर! ढगांना कुठे धारदार कडा असतात? मग फक्त ढगांचंच रिझोल्यूशन कमी करायचा पर्याय सेटिंगमध्ये द्यायला काय होतं?