व्याख्यान आज्यांना, पण पळी कोणाच्या हातात?

पुण्यात व्याख्यानांना तोटा नाही, वृद्धाश्रमही त्यातून सुटत नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोषण सप्ताह, मग १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन. कोणीतरी येऊन सांगतं, प्रथिनं वाढवा, कॅल्शियम घ्या. आज्या माना डोलावतात आणि रात्री ताटात तेच पातळ वरण, मऊ भात, दुधीची भाजी.

अहो, ताट त्यांच्या हातात आहे का? आयुष्यभर घरच्यांना वाढून उरलंसुरलं खाल्लेल्या या बायका. इथे जे येईल ते गुपचूप खातात, मागून घेणं त्यांच्या अंगवळणीच पडलेलं नाही. व्याख्यान द्यायचंच तर स्वयंपाकाच्या मावशींना, किराणा भरणाऱ्याला आणि व्यवस्थापकांना द्या.

माझी आत्या सिंहगड रस्त्याकडच्या एका वृद्धाश्रमात आहे. वजन पन्नासच्या आसपास. म्हातारपणी किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे तिला ५० ते ६० ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.) एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधातही साधारण तेवढीच. आता चहा-बिस्किटं, पोहे आणि वरणाचं पाणी यांची बेरीज करून बघा. त्यात चतुर्थी, एकादशी आली की साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. उपवास मोडा असं मी म्हणत नाही. दाण्याची आमटी, दही, राजगिरा आहे की! एरवी कवळी नीट बसत नसेल तर घट्ट वरण, पिठलं, मुगाचं धिरडं. यात महाग काय आहे?

पण नुसतं खाऊ घालून भागत नाही. १९९४ साली अमेरिकेत मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नर्सिंग होममधले १०० अशक्त रहिवासी, त्यात स्त्रिया जास्त, सरासरी वय ८७. दहा आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिलेल्यांची स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांना तसा काही फायदा झाला नाही. सत्त्याऐंशी! आणि आपण पासष्टीच्या बाईला 'जपून हं, वजन उचलू नका' म्हणतो.

आश्रमातला व्यायाम म्हणजे बसून प्राणायाम आणि टाळ्या. त्याने बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण संडासातून उठताना लागते ती मांडीतली ताकद. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, पायाला वजनाची पट्टी बांधून गुडघा सरळ करणं, हे हवं. तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करा, असं जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना सांगते. खुब्याचं हाड मोडल्यावर होणाऱ्या खर्चापुढे दोन पट्ट्यांची किंमत ती काय!

आत्याच्या आश्रमात मी हे बोलले. अंड्याला नकार मिळाला, स्वयंपाकघर शाकाहारी आहे. घट्ट वरण मात्र मान्य झालं, मुगाचं धिरडंही. पट्ट्यांचे पैसे आम्ही नातेवाईक काढतोय. शिकवायला माणूस नाही. फिजिओथेरपी केलेलं कोणी वडगाव-धायरी भागात असेल आणि आठवड्यातल्या तीन सकाळी देऊ शकत असेल तर कळवा. मानधन देऊ.