एक फोन नंबर आणि एक बासरी

काल रात्री साडेअकराला एका संस्थेची वेबसाईट उघडली. हवा होता फक्त फोन नंबर. पान शांतपणे उघडलं, मी पानावर एकदा बोट टेकवलं मात्र, आणि बासरी सुरू! शेजारी झोपलेलं माणूस दचकून उठलं. बंद करायचं बटण कुठेच नाही.

ही चलाखी कशी चालते ते सांगते, कारण मी स्वतः वेबसाईट बनवते. २०१८ पासून क्रोम हा ब्राउझर आपोआप वाजणारा आवाज अडवतो, ॲपलच्या सफारी ब्राउझरने तर त्याच्या आदल्याच वर्षी सुरुवात केली होती. मग लोकांनी पळवाट काढली: वाचणाऱ्याने पानावर पहिला स्पर्श केला की तीच परवानगी समजायची. म्हणजे दार वाजवायचं, आणि कडी निघाल्याबरोबर ढोल घेऊन आत!

माझ्याकडेही अशी मागणी येते. "अहो मॅडम, आमची खास धून आहे ती, लोकांनी ऐकायला नको का?" ऐकू द्या ना, पण प्ले दाबून. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांतही स्पष्ट आहे: आवाज आपोआप ३ सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल तर तो थांबवायची किंवा कमी करायची सोय हवीच. अंध व्यक्ती पान ऐकून वाचते. तिच्या कानात आधीच एक आवाज बोलत असतो, त्यावर तुमची बासरी.

दुसरा राग फाईलच्या आकाराचा. फोनवर फोर-केमध्ये, म्हणजे अतिशय बारीक तपशिलात काढलेला व्हिडिओ, एका मिनिटाला शंभर एमबीच्या वर सहज जाणारा, तसाच चढवून द्यायचा. तोच ७२०पी, म्हणजे लहान चित्राचा करून २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) आणला तर मिनिटाला साधारण १५ एमबी. नुसतं बोलणं असेल तर ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनो, म्हणजे एकेरी आवाजाची एमपी३ पुरते, मिनिटाला अर्धा एमबी. आणि एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांना ठाऊक नसते: एमपी४ या व्हिडिओ फाईलची अनुक्रमणिका, म्हणजे आत काय कुठे आहे त्याची यादी, पुष्कळदा फाईलच्या शेवटी असते. ती हाती लागेपर्यंत ब्राउझरला काही दाखवता येत नाही, म्हणून ते चक्र गरगरत राहतं. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'वेब ऑप्टिमाइझ्ड'च्या चौकोनात टिक केली की ती पुढे येते. एका टिकचं काम! शिवाय 'प्रीलोड', म्हणजे प्ले दाबण्याआधीच व्हिडिओ उतरवून घेणं, बंद ठेवा आणि तोवर दिसायला एक पोस्टर-चित्र लावा. ज्याला बघायचंच नाही त्याचा डेटा का जाळायचा?

सबटायटल्सबद्दल मात्र मी हट्टी आहे. त्यांची व्हीटीटी म्हणजे साधी मजकुराची फाईल, वेळ आणि वाक्य, वेळ आणि वाक्य. तासाभराचं कंटाळवाणं काम आहे, मान्य. तरी करा, आणि महत्त्वाचा मजकूर व्हिडिओखाली लिहूनही ठेवा.

तो फोन नंबर मिळाला, बरं का. पानावर कुठेच नव्हता. व्हिडिओत होता, शेवटच्या पाच सेकंदांत, बासरीसकट.