नाक मुठीत धरून

वाइन प्यायला शिकायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, यात शिकायचं काय? घोट घ्यायचा, गिळायचा. पण पहिल्याच संध्याकाळी बायकोने ग्लास गोल फिरवला, आत नाक खुपसलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "चेरी... आणि किंचित मिरी."

मीही नाक घातलं. मला वाइनचा वास आला.

"अजून काय येतंय?"

"अजून... वाइनच."

खरं तर ग्लासापर्यंत पोचतानाच माझा दम निघाला होता. कॉर्कस्क्रू तिरपा घुसला, बूच अर्धं वर आलं आणि अर्धं तुटून बाटलीत अडकलं. ते उपसायच्या नादात आत ढकललं गेलं. मग अख्खी ७५० मिलिलिटर वाइन चहाच्या गाळणीने जगमध्ये गाळली. हे एका मित्राला सांगितलं, तर तो आदराने म्हणाला, "अरे वा, डिकँट करता तुम्ही!" (गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात ओततात, त्याला म्हणे डिकँट करणं म्हणतात.)

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं वाचलं होतं. ही खोली १५ ते १८ अंशांची असते, हे नंतर कळलं. आमची त्या दिवशी ३३ वर होती. पहिला घोट खोकल्याच्या औषधासारखा लागला, दुसऱ्याला जीभ टाळूला चिकटली. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन म्हणे लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंडातलं वंगणच जातं. बायको याला 'स्ट्रक्चर' म्हणते. (तिने हा शब्द कुठून उचलला, ते मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगत बसली असती.) आता मी बाटली आधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवतो. निदान भपका तरी कमी होतो.

मधे एक दिलासा सापडला. फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने फ्रान्समधल्या बोर्दोमध्ये व्हाइट वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग कालवून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. पठ्ठ्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं! हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला; मी तो एका संध्याकाळी तीनदा वाचून दाखवला. चौथ्यांदा माझ्या हातातला ग्लास काढून घेण्यात आला.

आणि मग गेल्या शनिवारी ते घडलं. ग्लास नाकाशी नेला आणि वास आला. स्वच्छ, स्पष्ट, शंकेला जागाच नाही असा.

"ओला पुठ्ठा!" मी ओरडलोच. "पावसात भिजलेलं खोकं!"

बायकोने तीनदा हुंगलं. "मला नाही येत."

आयुष्यात पहिल्यांदाच मी पुढे होतो. तिने फोनवर शोधलं, वाचलं आणि सावकाश मान वर केली. बुचातल्या बुरशीमुळे टीसीए नावाचं संयुग तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं, तरी वाइनमधला फळांचा वास मारून टाकतं. प्यायल्याने अपाय होत नाही, पण वाइन वाया गेलेली असते. ओळखायची एक खूण म्हणजे ओल्या पुठ्ठ्याचा वास.

"म्हणजे," ती म्हणाली, "चांगली वाइन तुला ओळखू येत नाही. बिघडलेली मात्र बरोबर येते."

बाटली सिंकमध्ये ओतताना मी शेवटचं एकदा नाक खाली नेलं. काय सुंदर पुठ्ठा होता!