लेव्हिटाऊनची डेझीबाई आणि तलावपाळीवरचं भांडण

शनिवारी तलावपाळीला नेहमीची टाळकी जमली होती आणि परागच्या सोसायटीने नोटीस काढलीय की बाल्कनीबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, बिल्डिंगचा शो जातो, त्यावरून तो तावातावाने बोलत होता. सुहास म्हणाला बरोबरच आहे, पुढून चड्ड्या-बनियन लटकत असतील तर फ्लॅटला रेट कोण देणार. तर अनघा म्हणाली, तू अगदी लेव्हिटच्या पार्टीतला आहेस.

आता हा लेव्हिट कोण हे मलाही धड माहीत नव्हतं. अनघाची मोठी बहीण न्यू जर्सीत असते, ट्रेन्टनवरून डेलावेअर नदी ओलांडली की पलीकडे पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटाऊन, त्यामुळे बाईंचं ह्या विषयावर बरंच वाचून झालंय. विल्यम लेव्हिट हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा अमेरिकेतला बडा बिल्डर. लढाईवरून पोरं परत आली, धडाधड लग्नं झाली, पाळणे हलले, आणि राहायला जागा नाही, सासुरवाडीला एका खोलीत संसार चाललेत अशी परिस्थिती. ह्याने न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं घेतली आणि १९४७ ला एका छापाची घरं ठोकायला सुरुवात केली. घर जागेवर, कामगारांच्या टोळ्या फिरत्या, एक टोळी फक्त स्लॅब टाकणार, एक फक्त रंग मारणार. ऐन भरात दिवसाला ३० घरं. १९५१ पर्यंत १७ हजारांच्या वर. वसाहतीचं नाव लेव्हिटाऊन, पुढे पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतही त्याने त्याच नावाच्या वसाहती काढल्या.

सुहास म्हणाला मग वाईट काय आहे त्यात, देवमाणूस होता. माजी सैनिकाला सरकारी हमीचं कर्ज, डाऊन पेमेंट शून्य, १९४९ ला ७,९९० डॉलरमध्ये स्वतःचं घर, वर फ्रिज आणि वॉशिंग मशीन आधीच बसवलेलं. त्या काळात आपल्या आज्या चाळीच्या नळावर धुणं आपटत होत्या, त्यांना विचार असं घर हवं होतं का म्हणून.

पॉईंट होता. पण अनघा ऐकते कसली. म्हणाली मशीन दिलं रे, पण धुतलेले कपडे दोरीवर टाकायचे नाहीत, फक्त गोल फिरणाऱ्या स्टँडवर, आणि रविवारी तर तेही नाही. कुंपण घालायचं नाही. लॉन आठवड्याला कापायचं, नाहीतर कंपनीची माणसं येऊन कापणार आणि बिल तुझ्या दारात. नवरा सकाळी घरातली एकुलती एक गाडी घेऊन गेला की बाई दिवसभर तिथेच. आजूबाजूला सगळ्या तिच्याच वयाच्या, सगळ्यांच्या कडेवर पोर, अर्धा तास मूल सांभाळायला एक म्हातारी सापडायची नाही. आणि ह्यातल्या कितीतरी जणींनी युद्धात कारखान्यात नोकरी केलेली, स्वतःचा पगार घेतलेला, शांतता झाल्यावर त्यांना घरी जा म्हणून सांगितलं.

देशपांडे काका तोपर्यंत गप्प चहा पीत होते. ते म्हणाले, अगं पण त्या बायका काही रडत बसल्या नव्हत्या. एक समाजशास्त्रज्ञ न्यू जर्सीतल्या लेव्हिटाऊनमध्ये स्वतः घर घेऊन दोन वर्षं राहिला, त्याला बहुतेक लोक खूश दिसले. एकट्या पडलेल्या बायका होत्या, पण जास्त करून ज्यांची आई आणि बहिणी लांब शहरात राहिल्या त्या. शहाण्या माणसांना वाटतं उपनगरातली बाई दुःखीच असणार, तसं काही नसतं, असं काका म्हणाले आणि अनघाकडे बघून हसले. तिला ते झोंबलं.

मग परागने मोबाईलवर काहीतरी शोधून काढलं आणि खरी मारामारी तिथून सुरू झाली. लाँग आयलंडला सुरुवातीला घरं भाड्याने दिली जायची, त्या भाडेकरारातच अट होती, गोऱ्या वंशाच्या माणसाखेरीज कोणी ह्या घरात राहायचं नाही. आणि पुढे सवलत: मोलकरीण गोरी नसली तरी चालेल! १९४८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असल्या अटी कोर्ट अंमलात आणणार नाही, तेव्हा कागदावरचे शब्द गेले, वागणूक तशीच. काळे सैनिक त्याच युद्धातून आले होते, कर्जाचा कायदा त्यांच्यासाठीही होता, पण लेव्हिट घरच विकत नव्हता.

सुहास म्हणाला बिचाऱ्याचा नाइलाज असेल, धंदा आहे. गंमत म्हणजे लेव्हिटही हेच सांगायचा, की माझ्या मनात काही नाही पण एका काळ्या कुटुंबाला घर दिलं तर माझी ९०-९५ टक्के गोरी गिऱ्हाइकं येणार नाहीत. स्वतः ज्यू, आजोबा धर्मगुरू. धंद्याच्या नावाखाली काय काय खपतं बघा.

आणि मग अनघाने डेझी मायर्सची गोष्ट काढली. १९५७, पेनसिल्व्हेनियातलं लेव्हिटाऊन. डेझी शिक्षिका, नवरा बिल युद्धात सैन्यात होता, दोन मुलगे आणि नुकतीच झालेली मुलगी. शेजारच्याच वसाहतीत राहत होते, दोन बेडरूम पुरेनात, तिसरी हवी होती, बस्स. कंपनी विकणार नाही म्हणून एका गोऱ्या मालकाकडून रीसेलमध्ये घर घेतलं. ऑगस्टमध्ये ती घर लावत होती, पोस्टमन दारात आला, त्याला वाटलं ही कामवाली, मालकीणबाई आहेत का म्हणून विचारलं. मालकीण मीच, म्हणाली. तो तिथून निघाला तो गल्लीत बोंब मारत सुटला, की काळे आले राहायला!

संध्याकाळपर्यंत शेकडो लोक घरासमोर. दर्शनी काच दगडांनी फुटली. पुढे रोज रात्री गर्दी, दगड लागून एक पोलीस बेशुद्ध पडला, शेवटी गव्हर्नरने राज्याचे पोलीस पाठवले. फोनवर धमक्या. मागच्या रिकाम्या घरात विरोधकांनी अड्डा केला, तिथे गुलामगिरीवाल्या दक्षिणेचा झेंडा आणि मुद्दाम मोठ्याने गाणी, बाळ झोपू नये अशी. शेजारच्या वेक्सलर कुटुंबाने त्यांना साथ दिली तर त्यांच्या घरावर केकेके रंगवलं, म्हणजे कू क्लक्स क्लॅन, काळ्यांच्या जिवावर उठलेली गोऱ्यांची संघटना. क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाची माणसं मात्र येऊन घरात बसायची, मदत करायची. शेवटी कोर्टाने मनाई हुकूम काढला तेव्हा हे थांबलं.

मला ह्यात एकच गोष्ट राहून राहून वाटते. नवरा माजी सैनिक, बायको घरी, पदरात तीन लेकरं, म्हणजे लेव्हिटच्या जाहिरातीत शोभेल असंच कुटुंब होतं ते. दोरीवर कपडे नकोत, कुंपण नको आणि काळे नकोत ह्या तीन वेगळ्या अटी नव्हत्याच, रेट टिकवायची एकच अट होती, आणि ती सांभाळायची जबाबदारी दिवसभर घरात असणाऱ्या बाईवर. दारात उभी असलेली डेझी त्यात मोलकरीण म्हणूनच बसत होती. हे मी बोललो तर काका म्हणाले, त्या गर्दीत बायका नव्हत्या का? होत्या, पोरंबाळं घेऊन आल्या होत्या. त्यावर अनघाकडे उत्तर नव्हतं, निदान पाच मिनिटं तरी.

सुहासने हट्ट सोडला नाही. म्हणे १९६१ ला ते लेव्हिटाऊन सोडून यॉर्कला गेले ना, मग काय राहिलं. पराग उसळला, चार वर्षं काढली तिने तिथे, तू एक रात्र तरी काढशील का? अनघा म्हणाली १९९९ ला तिथल्या मेयरने जाहीर माफी मागितली, नाताळच्या झाडाचे दिवे लावायला डेझीलाच बोलावलं, आणि ती गेली.

"मी नसतो गेलो," पराग म्हणाला.

"४२ वर्षांनी माफी मागून लेव्हिटाऊनचं काय बिघडलं?" काका म्हणाले, "पैसे तर केव्हाच वसूल झाले होते."

सुहास म्हणे जायलाच हवं होतं, माफी नाकारून काय मिळणार. ह्यावरून पुन्हा पेटलं आणि चहावाल्याने आवरायला घेतलं तरी कोणी उठेना.