रुक्मिणीच्या माहेरी, तासाभरात

अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरला जाणार असाल तर तासाच्या वर वेळ काढू नका. माहेर रुक्मिणीचं आहे, तुमचं थोडंच! वाटेतल्या कुऱ्हा गावात आलुबोंडा खायचा, गाडी मंदिराच्या पार पायरीला भिडवायची, वर्धा नदीकडे पाठ करून फोटो काढायचा. नदी मागं आपोआप येते.

मग पहिला प्रश्न भुयाराचा विचारा. इथून थेट अमरावतीच्या अंबादेवीपर्यंत भुयार आहे, रुक्मिणी त्यातूनच दर्शनाला गेली आणि कृष्णानं तिला तिथून पळवलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगते. अंतर चाळीसेक किलोमीटर. नवरीच्या शालूत, अंधारात. हिशेब करत बसू नका. भागवतातली रुक्मिणी गावाबाहेरच्या देवळात पायी गेली, शिपायांच्या पहाऱ्यात, शंख-मृदंग वाजवत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पण उजेडातल्या गोष्टीला भुयाराची मजा कुठून येणार?

आणि 'पळवलं' हाच शब्द वापरा. तिनंच सात श्लोकांचं पत्र धाडून कृष्णाला बोलावलं होतं, लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीला बाहेर पडते, हा पत्ताही तिनंच कळवला होता, हे गाडीत काढू नका. मागच्या सीटवर लग्नाची पोरगी बसली आहे, आणि उद्या पाहुणे तिला पाहायला येणार आहेत. दमयंतीचं तर नावच नको. तीही विदर्भाचीच, अन् तिनं चार देव समोर उभे असताना नळाला माळ घातली. इथल्या पोरींना ही खोडच.

टेकाडावर चढायची तसदी घेऊ नका. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षितांनी इथं उत्खनन केलं, मोठे दगड रचून मढी पुरायच्या महापाषाण काळापासून सातवाहनांपर्यंतचे थर निघाले; पण थराबरोबर सेल्फी येत नाही. चुकून पायाखाली खापर आलंच तर उचलू नका. उचललंत तर ते बाहेरून लाल, आतून काळं दिसेल, आणि आतल्या बाजूला कुंभाराचं बोट फिरल्याच्या बारीक रेघा. त्यावर अंगठा ठेवून पाहिलात की तासाचं गणित बिघडलंच समजा. बकऱ्या चारणारा म्हातारा म्हणेल, "हे तं आमच्या वावरात लय निंगते, भाऊ." त्याचं ऐका, जागेवर ठेवा, निघा.

रुक्मिणी आमचीच, असं अरुणाचलातले इदू मिश्मी आदिवासीही म्हणतात. तिकडे तिच्या बापाच्या, भीष्मकाच्या, नावाचं भीष्मकनगर आहे, अन् गुजरातेत माधवपूरला तिच्या लग्नाची जत्रा भरते. आपण वाद घालायचा, जायचं मात्र तासाभरासाठी. इथून १५९४पासून तिची पालखी पंढरपूरला निघते. माणसं महिनाभर चालतात म्हणे. एवढा वेळ कोणाजवळ आहे?

येताना मागच्या सीटवरची पोरगी फोनवर काहीतरी लांबलचक लिहीत असेल. कोणाला लिहितेस, विचारू नका. नेटवर्क कुऱ्ह्याजवळ येते.