गावचा खेळाडू कोण, हे आधारकार्ड ठरवणार?

आमच्या गावच्या क्रिकेट चषकाची यंदाची नियमावली व्हॉट्सअप ग्रुपवर आली आणि कलम 4 वाचून डोकंच फिरलं. खेळाडू ज्या गावाकडून खेळणार त्याच गावचा रहिवासी पाहिजे, पुरावा फक्त आधारकार्ड, तेही मूळ, आणि त्यावर पत्ता त्याच गावचा. रेशनकार्ड चालणार नाही, सातबारा चालणार नाही, शाळेचा दाखला चालणार नाही. बाकी नियमांवर माझं काही म्हणणं नाही. 8 ओव्हरची मॅच, एका बॉलरला 2 ओव्हर, टाय झाली तर सुपर ओव्हर, सगळं बरोबर. वनडेत 50 ओव्हरला एका बॉलरला 10, टी-ट्वेंटीत 20 ला 4, म्हणजे पाचवा हिस्सा, त्या हिशोबाने 8 ओव्हरला दीडच्या थोडं वर येतं, ते 2 केलं हे योग्यच झालं. एवढा बारीक विचार करणारी पोरं गावचा कोण नि बाहेरचा कोण हा सगळ्यात मोठा प्रश्न एका कार्डावर सोडून मोकळी होतात, हे मला सहन होत नाही.

हा नियम का आला ते मला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत टेनिस बॉलच्या स्पर्धांचं बाजारीकरण झालंय. पहिलं बक्षीस 51 हजार, मॅन ऑफ द सिरीजला सायकल, यूट्यूबवर लाईव्ह, मग एखादं गाव धुळ्याकडून एक फास्ट बॉलर आणतं, मालेगावकडून दोन बॅट्समन आणतं, त्यांना मॅचचे पैसे आणि वर शेवभाजीचं जेवण, आणि गावची अकरापैकी तीन पोरं बाऊंड्रीबाहेर बसून टाळ्या वाजवतात. याचा राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. गावच्या चषकात गावची पोरं खेळली पाहिजेत याबद्दल माझं दुमत नाही. पण मागच्या जानेवारीत हा नियम तोंडी होता तेव्हाच त्याचं काय झालं ते मी लाईव्ह बघितलंय.

इकडे इंग्लंडात, जिथे मी राहतो, पहाटेचे पाच, तिकडे गावात सकाळचे साडेदहा. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळं केलेलं शेत, त्यावर रोलर फिरवून पीच केलेलं, चुन्याची बाऊंड्री, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माईक घेतलेला समालोचक. टॉस झालेला पण मॅच सुरू होईना. कॅमेरा मांडवाकडे वळला तर कमिटीतला एक जण एका पोराचं कार्ड उन्हात धरून वाचतोय आणि पोरगा बॅट काखेत घेऊन उभा. कार्डावर पत्ता उधना, सुरत. त्याच्या आजोबांचं घर मारुतीच्या मंदिरामागे आहे, त्याच्या आजीच्या हातची कळण्याची भाकर मी खाल्लेली आहे. बाप पॉवरलूमवर कामाला गेला म्हणून पोराचा जन्म सुरतचा, बाकी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), पोळ्याला, कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत तेव्हा, हा पोरगा गावात असतोच. अमळनेरला गाडीतून उतरला की चालत येतो. समालोचकाने माईकवर जाहीर केलं की अमुक खेळाडू बाहेरचा असल्याने खेळू शकणार नाही. आणि त्याच मॅचमध्ये समोरच्या टीमकडून तो बॉलर खेळला ज्याला चाळीसगावपासून शिरपूरपर्यंत प्रत्येक स्पर्धेत लोकांनी बघितलंय, कारण त्याच्या कार्डावर पत्ता नुकताच बदलून घेतलेला होता. नियमाने त्याच्याकडे बोट दाखवता येत नव्हतं. आता तोच नियम लेखी आला, म्हणजे यातून कोणी काही शिकलंच नाही.

मी ग्रुपवर हे लिहिलं तर एका जिभाऊंचं उत्तर आलं, "भो, तू तठे ऱ्हास, तुले आठलं काय समजस?" म्हणजे तू तिकडे राहतोस, तुला इथलं काय कळतं. त्यावर पंधरा अंगठे. मला ते लागलं, आणि लागलं म्हणूनच इतकं लांब लिहितोय.

मी यॉर्कशायरमध्ये राहतो, लीड्सपासून थोडं बाहेर, आणि इथल्या एका क्लबच्या सेकंड इलेव्हनकडून शनिवारी खेळतो. 40 ओव्हर, व्हाईट्स, लेदर बॉल, पाऊस. एप्रिलमध्ये पहिल्यांदा नेट्सला गेलो तेव्हा सेक्रेटरीने फोन नंबर घेतला, वर्षाची सबस्क्रिप्शन किती ते सांगितलं, प्ले-क्रिकेट या वेबसाईटवर नाव टाकलं. पासपोर्ट बघितला नाही, पत्त्यासाठी काऊन्सिल टॅक्सचं बिल मागितलं नाही. आमच्या लीगच्या कपचा नियम असा की ठराविक तारखेच्या आत क्लबकडे नोंदणी पाहिजे आणि त्या सीझनमध्ये क्लबकडून लीगच्या काही मॅचेस खेळलेल्या पाहिजेत, नाहीतर सेमीफायनलला संघात घेता येत नाही. बास. तू कुठं जन्मलास, कुठं झोपतोस याच्याशी नियमाला घेणं नाही, तू क्लबसाठी आलास का, पावसात पीचवर कव्हर ओढायला होतास का, खराब विकेटवर 12 रन काढून आऊट होऊन अंपायरिंगला उभा राहिलास का, हे बघतात. फायनलच्या आदल्या आठवड्यात कुणी पैसे देऊन बॉलर आणायचा म्हटलं तर तो आपोआप बाद होतो, कारण त्याची मॅचची नोंदच नसते आणि ती मागच्या तारखेने करता येत नाही. आपल्याकडे कार्डावरचा पत्ता बदलता येतो, स्कोअरबुकातली जुनी मॅच कशी बदलणार? एवढं साधं आहे हे.

आणि ही केवळ आमच्या लीगची पद्धत आहे असंही नाही. इंग्लंडभर गावोगावच्या क्लबांचा नॅशनल व्हिलेज कप 1972 पासून चालतो, फायनल लॉर्ड्सवर. पहिल्या वर्षी कॉर्नवॉलमधल्या ट्रून नावाच्या छोट्या गावाने तो जिंकला, पुढच्या वर्षी परत जिंकला. गाव कशाला म्हणायचं याचीसुद्धा व्याख्या त्यांच्या नियमात आहे, लोकसंख्येची मर्यादा आहे, म्हणजे गावपण ही गोष्ट ते लोकही जिवापाड जपतात. मला तेच हवंय. गावपण जपा, पण मोजमाप नीट घ्या.

आता यॉर्कशायरचंच ऐका, कारण जन्मावरून माणूस ठरवण्यात या काऊंटीने, म्हणजे इथल्या व्यावसायिक टीमने, जगात नाव काढलेलं होतं. यॉर्कशायरच्या हद्दीत जन्मला तरच यॉर्कशायरकडून खेळायचं, असा त्यांचा शिरस्ता कितीतरी दशकं. त्याचा केवढा अभिमान! आणि ज्या लॉर्ड हॉकने 1883 ते 1910 कॅप्टन म्हणून ही टीम चालवली तो स्वतः जन्मला लिंकनशायरमध्ये. मोठ्या माणसाला सूट, बाकीच्यांना नियम, हे तिकडेही होतं. ब्रॅडफर्डच्या गल्लीत खेळणारं, बापाबरोबर लहानपणी इकडे आलेलं पोरगं मात्र बाहेरचं. शेवटी 1992 मध्ये हे मोडलं आणि पहिला परदेशी खेळाडू म्हणून मैदानात कोण उतरला? आपला सचिन, वय 19. त्या सीझनमध्ये त्याने 1070 रन केले. माझ्या क्लबमधले म्हातारे अजून त्याच्या गोष्टी सांगतात आणि सांगताना माझ्याकडे बघतात, जणू मी त्याचा मावसभाऊ. मला छाती फुगल्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू.

इकडे सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाही. याच यॉर्कशायरमधल्या वंशभेदाबद्दल त्यांचा माजी खेळाडू अझीम रफिकने 2021 मध्ये पार्लमेंटच्या समितीसमोर जे सांगितलं ते सगळ्या जगाने ऐकलं. नियमातून बाहेरचेपणा काढला म्हणून माणसांच्या मनातून तो निघतोच असं नाही, हे मला पण कळतं. पण नियमातच तो लिहून ठेवला तर मनातून काढायची सुरुवात तरी कुठून करणार?

ग्रुपवर दुसरा मुद्दा आला की तू स्वतःला खेळायला मिळावं म्हणून भांडतोयस. नाही. उलट मी कलम 4 मध्ये आरामात बसतो. माझ्या आधारकार्डावर अजूनही गावचाच पत्ता आहे, तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव. मी काढलं तेव्हा कॉलेजात होतो, पत्ता बदलायची कधी गरजच पडली नाही. म्हणजे जो माणूस समुद्रापलीकडे राहतो, ज्याला यंदा बोरी नदीला पाणी किती आलं हे फोनवरून कळतं, तो नियमाने गावचा, आणि जो पोरगा गहू काढायला आला होता तो बाहेरचा. हे कुणाला खटकत कसं नाही?

पण पूर्ण खरं सांगायचं तर मलाही यात माझं काहीतरी दुखतंय. इथल्या सिटिझनशिपचा अर्ज भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. बायको म्हणते पाठव, मुलीची शाळा इथली, घराचं मॉर्गेज इथलं, आता थांबून काय उपयोग, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. तो पाठवला आणि मंजूर झाला की भारतीय पासपोर्ट परत द्यावा लागणार, आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळेल, व्हिसाशिवाय येता येईल, सगळं सोयीचं. एअरपोर्टवरच्या रांगेत मला त्याचं काही वाटणार नाही. सरकारने मला परदेशी म्हटलं तर तो त्यांचा कायदा, मी मानतो. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून माईकवर माझं नाव घेऊन कुणी "बाहेरचा" म्हणालं तर ते मला सोसणार नाही. मी दहावीत असताना याच मैदानावर फायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये डीप मिडविकेटला कॅच घेतला होता, विहिरीच्या कठड्याला पाठ घासली होती, ती खूण अजून आहे. मुलीला दाखवतो. तिला लीड्सच्या बाहेरचं क्रिकेट माहीत नाही, तरी ती तिच्या मैत्रिणींना सांगते की आमचं गाव खान्देशात आहे. "आमचं" म्हणते. तिच्याकडे तर आधारकार्डच नाही.

काही जण म्हणतील, बाहेर गेलेले लोक पैसे पाठवतात म्हणून नियमात ढवळाढवळ करतात. दुसऱ्या बक्षिसाची रक्कम आम्ही पुणे, सुरत, दुबई आणि इकडची पोरं मिळून देतो हे खरं आहे, पण ती मी या वादात कधी काढली नाही आणि आज पण काढत नाही. पैसा गावचा झाला की गावचा, त्याचा हक्क आम्ही ठेवत नाही.

कमिटीची बैठक रविवारी आहे म्हणून स्पष्ट लिहितो. कलम 4 काढा आणि त्याजागी असं घाला: प्रत्येक गावाने आपली वीस जणांची यादी दसऱ्यापर्यंत कमिटीकडे द्यावी, ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, आठ दिवस हरकत घ्यायला ठेवावेत. ज्याचं घर, शेत, आई-बाप किंवा आजी-आजोबा गावात आहेत तो गावचा, मग राहो चाकणला नाहीतर उधन्याला. आणि गावात कोण कुणाचा हे गावापेक्षा जास्त कुणाला माहीत असतं? फळ्यावर नाव लागलं की पाणक्यापासून पोलीस पाटलापर्यंत सगळे वाचतात, खोटं नाव एक दिवस टिकणार नाही. यादीबाहेरचा खेळाडू घ्यायचाच तर एका टीमला फक्त एक, आणि तोही त्या सीझनमध्ये त्या गावाकडून आधी दोन मॅच खेळलेला पाहिजे. रणजीमध्येसुद्धा राज्याबाहेरचे खेळाडू घेतात, पण त्यांना मर्यादा आहे, मग आपण का घालू नये? फायनलला बाहेरचा कुणीच नको असं म्हणत असाल तर तेही मान्य.

यादीबाहेरच्या खेळाडूच्या दोन मॅच मोजायला स्कोअरबुक लागेल, म्हणून सरावाच्या मॅचेसचं पण स्कोअरबुक ठेवा, मोबाईलच्या अॅपवर ठेवलं तरी चालेल, लिहिणारा एक पोरगा नेमा आणि त्याला मॅचमागे काहीतरी द्या. हे काम कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय बाकीचं सगळं हवेत.

आणि नावं लिहायला घ्याल तेव्हा मारुतीच्या मंदिरामागच्या त्या पोराचं नाव आधी लिहा. मागच्या वर्षी त्याला घरी पाठवलं, यंदा तो स्वतःहून विचारायला येणार नाही, कुणीतरी त्याच्या आजीकडे जाऊन सांगावं लागेल. जिभाऊ, तुमचं घर तिथून जवळ आहे.